कडू पाणी सोडायची वेळ

पहिला पाऊस पडला की आजोळी जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं. त्याच फडताळात पिशवीतलं बारीक मीठ मात्र कोरडं असायचं. आजी बरणीतलं मीठ बांबूच्या लहान टोपलीत काढायची, टोपली खापराच्या भांड्यावर ठेवायची आणि दोन दिवसांनी खाली थेंब थेंब साचलेलं पाणी मोरीत ओतून द्यायची. एकदा मी ते बोटाने चाखलं. खारट लागेल म्हणून जीभ तयार होती. लागलं ते कडूजहर.

मिठातून कडू पाणी कसं निघतं, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं, वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरावर. ते कळलं आणि लोणच्याच्या फोडी कडक का राहतात, मासे खारवताना कुठलं मीठ घ्यायचं, आमटीत एक चमचा म्हणजे नक्की किती, असे स्वयंपाकघरातले कितीतरी प्रश्न एकाच धाग्याने सुटले. म्हणून आधी मिठागर, मग स्वयंपाक.

शंभर हंडे पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यात आपलं ओळखीचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारे २७ ग्रॅम. उरलेल्या आठेक ग्रॅमांत मॅग्नेशियमचे क्षार सर्वांत जास्त, मग कॅल्शियमचे आणि पोटॅशियमचे. समुद्राचं पाणी पातेल्यात घेऊन चुलीवर पार कोरडं होईतो आटवलं तर हे सगळंच तळाशी बसेल आणि ते मीठ तोंडात धरवणार नाही. म्हणजे मीठ करणं हे नुसतं पाणी आटवणं नाही. एक नकोसं आधी बसू द्यायचं, हवं ते मग गोळा करायचं, आणि दुसरं नकोसं पाण्याबरोबर काढून टाकायचं. मिठागरात हे सगळं ऊन आणि वारा यांच्या जोरावर होतं, कारण प्रत्येक क्षाराची पाण्यातून बाहेर पडायची वेळ वेगळी असते.

समजा, समुद्राचं शंभर हंडे पाणी घेतलं. ऊन लागून ते पन्नास हंडे उरलं की आधी चुनखडीसारखा क्षार, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बसायला लागतो. वीस हंड्यांच्या आसपास आलं की जिप्सम बसतं, तेच जे प्लास्टरमध्ये वापरतात. मीठ अजूनही पाण्यातच. दहा हंडे उरले की पहिल्यांदा मिठाचा कण दिसतो. तिथून पुढे मीठ धरत जातं आणि पाणी दाट, बोटाला बुळबुळीत लागणारं होत जातं. चार हंड्यांच्या घरात पोचेपर्यंत बहुतेक मीठ खाली आलेलं असतं आणि वरच्या पाण्यात उरतं ते मुख्यतः मॅग्नेशियम: मॅग्नेशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही कडू. इथे थांबायचं. थोडा लोभ करून आणखी आटवलं तर मिठाचं वजन थोडं वाढतं, आणि चव जाते.

मिठागरात लहान-मोठे वाफे एकापुढे एक का असतात, याचं उत्तर यातच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी बांधातल्या उघाडीतून आत घेतात. गोव्यात या दाराला मानस म्हणतात. मधल्या दिवसांतल्या, म्हणजे भांगाच्या, भरतीला पाणी तेवढं चढत नाही, त्यामुळे पंधरा दिवसांचा हिशेब चंद्राकडे बघून ठेवावा लागतो. आधी पाणी मोठ्या तळ्यात मुरतं, गाळ खाली बसतो. मग ते उथळ वाफ्यांत, तिथून आणखी उथळ वाफ्यांत सोडतात. चुनखडी आणि जिप्सम या मधल्या वाफ्यांतच मागे राहतात. शेवटच्या वाफ्यात जे पोचतं ते मीठ धरायला आलेलं पाणी. या शेवटच्या वाफ्याची जमीन हंगामाच्या सुरुवातीला चिखल करून, पायांनी तुडवून, चोपून गुळगुळीत केलेली असते. नीट चोपली नसेल तर पाणी झिरपून जातं आणि मीठ ओढताना माती वर येते. हाताने काढलेल्या मिठाला जी किंचित राखी झाक असते ती या चोपणीची. पांढरंशुभ्र दिसत नाही म्हणून त्याला घाणेरडं समजू नये.

किलोभर मिठासाठी निदान चाळीसेक लिटर समुद्राचं पाणी आटावं लागतं. डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत चालणारं हे काम एका अवकाळी सरीने आठवडाभर मागे जातं, कारण धरलेलं मीठ पुन्हा विरघळतं आणि दाट केलेलं पाणी पातळ होतं.

मी गेले तेव्हा मार्च संपत आला होता. शेवटच्या वाफ्यांतलं पाणी फिकट गुलाबी दिसत होतं. मला वाटलं मातीचा रंग असेल. तो रंग जिवांचा असतो: इतक्या खाऱ्या पाण्यात दुसरं काहीच तगत नाही, पण मिठात जगणारे सूक्ष्मजीव आणि एक प्रकारचं शेवाळ तिथे वाढतात आणि उन्हापासून बचाव करणारी लालसर द्रव्यं तयार करतात. मिठागरात राबणाऱ्यांना हे कारण माहीत असण्याची गरज नाही. पाणी गुलाबी झालं म्हणजे ते पिकलं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं. वारा पडला होता, आणि पाण्यावर पातळ, चौकोनी, मधे खळगा असलेले स्फटिक तरंगत होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हीच साय अलगद काढून वेगळी, महाग विकतात. आपल्याकडे ती जड झाली की बुडते आणि खालच्या मिठात मिसळते.

बांधावर एक साठीच्या पुढच्या काकी लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ कडेला ओढत होत्या. मी विचारलं, "काकी, अजून पाणी आहे की वाफ्यात. ते आटू का देत नाही?"

"ह्या पाणी आता कडू झाला," त्या म्हणाल्या. "सोडूक व्हया. नायतर मीठ खराब."

आणि त्यांनी बांधाचा मातीचा गुडदा पायाने सारून ते पाणी वाहू दिलं. मोठ्या कारखान्यांत हेच ठरवायला तरंगकाटा वापरतात, पाण्याच्या दाटपणाचे अंश मोजतात: समुद्राचं पाणी साडेतीन अंश, मीठ धरायला लागतं ते पंचवीस अंशांना, आणि एकोणतीस-तीसच्या आत पाणी सोडून द्यायचं. काकींनी पाण्यात हात घालून बोटं एकमेकांवर चोळून पाहिली होती. मिठाची प्रत ठरते ती इथे. समुद्र सगळ्यांचा सारखाच. वेळ ओळखणारा हात सारखा नसतो.

खड्याच्या पोटातलं पाणी

कारखान्यातलं बारीक मीठ शुद्ध केलेल्या मिठवणीपासून, म्हणजे मिठाच्या दाट पाण्यापासून, कमी दाबाच्या बंद भांड्यांत, झपाट्याने आटवून करतात. त्याचे दाणे अगदी लहान, सारखे आणि ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध सोडियम क्लोराइडचे. वाफ्यातला खडा सावकाश, दिवसेंदिवस वाढतो, आणि वाढताना आजूबाजूच्या दाट पाण्याचे बारीक बारीक थेंब स्वतःच्या पोटात कोंडून घेतो. बाहेरूनही तेच पाणी त्याला चिकटलेलं असतं. खडे मीठ गरम तव्यावर टाकलं की तडतडतं, ते या कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो म्हणून. दृष्ट काढून झाल्यावर मीठ-मोहऱ्या विस्तवावर पडतात तेव्हाचा आवाजही हाच.

आता आजीच्या बरणीकडे वळू. शुद्ध मीठ हवेतलं पाणी सहसा ओढत नाही, हवा अगदी दमट झाल्याशिवाय. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र पाण्याला हपापलेलं असतं. पावसाळी हवेत खड्यावरचं मॅग्नेशियम पाणी ओढून घेतं, त्यातच विरघळतं आणि खाली ओघळतं. म्हणजे बरणीला सुटणारं पाणी ही नासाडी नव्हती. मिठागरावर जे थोडं राहून गेलं होतं ते घरी निथळत होतं. मीठ बांधावर राशी करून, वर झावळ्या किंवा पेंढा घालून ठेवतात, त्यातही हेच साधतं. वर्षभर निथळलेलं जुनं मीठ नव्यापेक्षा सौम्य लागतं. मिठागरावरून ताजं मीठ घेतलंत तर ते जिभेवर किंचित कडवट लागेल. तो मिठाचा दोष नाही, त्याला थोडा वेळ द्या.

'मीठ' हा शब्द हिंदीतल्या 'मीठा'चा सख्खा भाऊ आहे. मूळ अर्थ चवीला बरं, रुचकर. हिंदीने तो साखरेला दिला, मराठी आणि गुजरातीने मिठाला. मला आपली निवड जास्त पटते.

आगर, आगरी आणि कायदा

रायगड-ठाण्यातल्या आगरी समाजाचं नावच आगरावरून, मिठागरावरून पडलेलं. उरण, पेण, वसई, भाईंदर, मुंबईत वडाळा, भांडुप, मुलुंड, दक्षिणेला शिरोडा, आणि हद्द ओलांडली की गोव्यात पेडण्यातलं आगरवाडो: किनारा असा मिठाने शिवलेला होता. गोव्याचं मीठ एके काळी लांबवर जायचं. १८७८ मध्ये पोर्तुगीज आणि ब्रिटिश सरकारांत करार झाला, गोव्यातल्या मीठ उत्पादनावर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं, आणि १८९२ मध्ये करार संपेपर्यंत कितीतरी मिठागरं मोडली. मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो याच वाफ्यांत. वडाळ्याच्या आगरांवरही त्याच काळात माणसं चालून गेली. मिठावरचा कर उठला तो १९४७ मध्ये. आज देशातल्या मिठाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा एकट्या गुजरातचा आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरचे वाफे दर हंगामाला कमी होताना दिसतात. जमिनीला मिळणारा भाव मिठाच्या भावापेक्षा फार मोठा आहे, आणि उन्हात फावडं ओढायला पुढची पिढी सहज तयार होत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आयोडीनचं काय?

हा प्रश्न टाळून खड्या मिठाबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही. समुद्रातून आलं म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असा समज आहे. हिशेब करून पाहू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं सुमारे ६० मायक्रोग्रॅम. किलोभर मिठाला चाळीस लिटर पाणी धरलं आणि त्यातलं सगळं आयोडीन मिठात उतरलं असं मानलं, तरी किलोमागे जेमतेम अडीच मिलिग्रॅम होतं. प्रत्यक्षात बरंचसं कडू पाण्याबरोबर वाहून जातं. घरी पोचणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात मात्र किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम असावं, असा नियम आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. ते कमी पडलं तर गलगंड होतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणूनच आपल्याकडे २००६ पासून थेट खाण्यासाठीचं मीठ आयोडीनयुक्तच विकायचं, असा कायदा आहे.

त्यामुळे माझ्या घरी रोजची भाजी, आमटी, कणीक यांना आयोडीनचंच मीठ. खडे मीठ त्याच्या खास कामांना. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर यात तडजोड करू नये.

दुसरा दावा खनिजांचा. खड्या मिठात एक टक्का मॅग्नेशियम धरलं, आणि तो अंदाज सढळ आहे, तरी दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून ५० मिलिग्रॅम मिळेल. गरज तीनशे-चारशेची. ते ५० मिलिग्रॅम तर मूठभर शेंगदाण्यांतूनही मिळतात. आणि रक्तदाबाच्या दृष्टीने खडे मीठही मीठच: जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली मर्यादा त्यालाही तशीच लागू.

मग खडं मीठ हवंच कशाला? काही कामं ते खरोखर जास्त चांगली करतं म्हणून.

कैरी, मासळी, आगळ

पहिलं काम लोणचं. फळाची फोड कडक ठेवणारा सिमेंटसारखा पदार्थ म्हणजे पेक्टिन. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. नुसतं सोडियम तो बंध सैल करतं. खड्या मिठात हे दोन्ही थोडे थोडे असतात, त्यामुळे फोडी टणक राहायला हातभार लागतो. शिवाय बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड असते. ती पाण्यात विरघळत नाही आणि खार गढूळ दिसतो. आणि खडा हळूहळू विरघळतो, त्यामुळे फोडीतलं पाणी एकदम न सुटता बेताने सुटतं, फोड आकसून सुरकुतत नाही.

मिठातल्या कैऱ्या करायला लहान, कोवळ्या, बाठ न धरलेल्या कैऱ्या देठासकट घ्या. धुऊन अगदी कोरड्या करा. कामाची अर्धी मेहनत इथेच आहे. किलोभर कैऱ्यांना पाव किलो निथळलेलं खडे मीठ. चिनी मातीच्या बरणीत मिठाचा थर, कैऱ्यांचा थर, असं भरत जा, वर मीठ, त्यावर ताटली आणि धुतलेला जड दगड. पाणी आपोआप सुटतं आणि तीन-चार दिवसांत कैऱ्या त्यात बुडतात. बुडल्याच पाहिजेत, वर राहिलेली कैरी बुरसते. महिन्याभराने हिरवा रंग उतरून कैरी ऑलिव्हसारखी होते. पावसात गरम पेजेबरोबर ही कैरी चुरडून खाल्ली की दुसरं काही लागत नाही. फार खारट वाटली तर खायच्या आधी तासभर पाण्यात टाका. खार पुरेसा दाट आहे का, हे पाहायची जुनी रीत: ताजं अंडं सोडायचं. साध्या पाण्यात बुडणारं अंडं मीठ दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की तरंगतं.

दुसरं काम मासळी. कोळंबी, माकुल (स्क्विड), बोंबील यांची बुळबुळ काढायला खडे मीठ चोळण्यासारखं दुसरं काही नाही; खडा खरवडतोही आणि चिकट थर सोडवतोही. मिनिटभर चोळायचं आणि लगेच धुवायचं, नाहीतर मांस खारट होतं. खारवायला बांगडे असतील तर पोट साफ करून, काप देऊन, तीन भाग मासळीला एक भाग मीठ. इथे मात्र जुनं, निथळलेलंच मीठ घ्या. ताज्या मिठातलं मॅग्नेशियम मासळीला कडवट चव देतं, आणि पावसाळ्यात ती हवेतलं पाणी ओढून ओली होते. तळायच्या तुकड्यांना आगळ (कोकमाचा खारवलेला रस), हळद आणि बारीक केलेलं मीठ लावून वीसेक मिनिटं ठेवलं की पुरे.

आगळही मिठाच्याच जोरावर टिकतं. पिकलेल्या रतांब्यांच्या सालीत मीठ घातलं की रस सुटतो. तो गाळून बाटलीत भरला की वर्षभर सोलकढीची सोय. आगळ घातलेल्या पदार्थात मीठ शेवटी आणि चाखूनच घालायचं, नाहीतर हमखास खारट होतो.

एका कामाला मात्र खडे मीठ नको. छोले, राजमा, वाल रात्री भिजत घालताना पाण्यात मीठ घातलं तर साल मऊ पडते, कारण सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. इथे आपल्याला बंध सैल करायचे आहेत, घट्ट नाही. म्हणून बारीक मीठच, लिटरभर पाण्याला एक भरलेला चहाचा चमचा. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, तिथेही अडवणारे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम.

चमचा फसवतो

चहाच्या चमच्यात बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम मावतं. खड्या मिठाचा भरवसा नाही: खड्यांमध्ये पोकळी राहते, खडा केवढा यावर वजन बदलतं. पाककृतीतला 'एक चमचा' खड्या मिठाने घातला तर पदार्थ अळणी, आणि मग अंदाजाने वाढवलं तर खारट. लोणच्याला वजन करूनच घ्या.

आजोळी यावर एक सोपा उपाय होता, मिठाचं पाणी. खडे मीठ उकळत्या पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवायचं आणि रात्रभर ठेवायचं. माती तळाशी बसते. वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून गाळून काचेच्या बरणीत. नेहमीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं, त्याहून जास्त नाही, त्यामुळे तळाशी थोडं मीठ उरेल इतकं घातलं की बरणी दर वेळी सारख्याच खारटपणाची. त्याच्या ५ मिलिलिटर चमच्यात दीड ग्रॅमहून थोडं जास्त मीठ येतं. माशाचं कालवण, ताक, कोशिंबीर यांत ते लगेच सारखं मिसळतं, खडा दाताखाली येत नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांना आपल्याकडच्या मिठात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले होते, आणि मीठ करायच्या आधी पाणी वाळूतून गाळलं तर ते बरेच कमी होतात, असं त्यांनी दाखवलं. घरच्या कापडातून सगळे कण अडकणार नाहीत, पण धागे आणि मोठा कचरा नक्की अडकतो.

यंदा मेच्या शेवटी शिरोड्याहून पाच किलो मीठ आणलं. बांबूची टोपली मिळाली नाही, म्हणून स्टीलच्या चाळणीत सुती कापड घालून त्यावर ओतलं; कापड मधे हवंच, आणि चाळणीही काम झाल्यावर लगेच धुवायची, मीठ स्टीललासुद्धा खातं. खाली काचेचा वाडगा. पहिल्या सरीनंतर दोन दिवसांत अर्धी वाटी पाणी जमलं. लेकीने बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग तिने चाळणीतला खडा जिभेवर ठेवला, आणि दुसरा मागितला.